अडुसष्ट मिनिटांचा वळसा : १९४५चा ‘डीटूर’ समजून घेताना

नेवाडा राज्यातल्या रेनो शहराजवळच्या एका साध्या खानावळीत दाढी वाढलेला, चुरगळलेल्या कपड्यांतला एक माणूस काउंटरपाशी बसला आहे. शेजारचा ट्रकवाला ज्यूकबॉक्समध्ये नाणे टाकून एक जुने प्रेमगीत लावतो आणि हा माणूस एकाएकी त्याच्यावर खेकसतो. थोड्या वेळाने तो शांत होतो, कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ सरकतो, भोवतालचा उजेड मंदावत जातो आणि त्याच्या डोळ्यांवर प्रकाशाचा एक आडवा पट्टा तेवढा उरतो. मग कॅमेरा त्याच्यासमोरच्या कॉफीच्या कपावर येतो. नीट पाहिले तर हा कप नेहमीच्या कपापेक्षा बराच मोठा आहे, कारण तो या एका शॉटसाठी मुद्दाम तेवढ्या आकाराचा बनवला होता. तो पडद्याचा मोठा भाग व्यापतो, माणूस त्याच्यामागे लहान दिसू लागतो, आणि गाण्याची फिरती तबकडी आपल्याला न्यूयॉर्कमधल्या त्याच्या जुन्या दिवसांत घेऊन जाते.

‘डीटूर’ या अमेरिकी गुन्हेगारी चित्रपटाची ही सुरुवात आहे. डीटूर म्हणजे वळसा, म्हणजेच मुख्य रस्ता सोडून घ्यावी लागलेली आडवाट. एडगर उल्मर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट नोव्हेंबर १९४५मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याची लांबी अवघी ६८ मिनिटे आहे. मोठ्या स्टुडिओंच्या दारात ज्यांना थारा नव्हता अशा लोकांनी, हॉलिवूडच्या अगदी तळाच्या कंपनीसाठी, दुय्यम खेळ म्हणून तो बनवला. पुढे १९९२मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचा समावेश केला, आणि हा मान मिळालेला तो पहिला ‘बी’ चित्रपट मानला जातो. पैशाची आणि वेळेची चणचण असूनही चित्रपट चांगला झाला, अशी त्याची स्तुती नेहमी केली जाते. मला ती अपुरी वाटते. या चित्रपटात चणचण कथेच्या आत शिरलेली आहे, आणि ती कशी शिरली हे समजायचे असेल तर आधी त्या काळचा पैशाचा व्यवहार समजून घ्यावा लागतो.

आपल्याकडे ‘बी ग्रेड’ म्हटले की सवंग, चोरून पाहण्याजोगा चित्रपट डोळ्यांसमोर येतो. हॉलिवूडच्या स्टुडिओ काळात ‘बी’ या अक्षराचा अर्थ असा नव्हता. १९३०च्या दशकातल्या महामंदीत प्रेक्षक रोडावले, तेव्हा चित्रपटगृहांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायला सुरुवात केली. त्यातला पहिला, म्हणजे ‘ए’, मोठ्या ताऱ्यांचा आणि मोठ्या खर्चाचा असे, तर दुसरा, म्हणजे ‘बी’, लहान आणि बिनचेहऱ्याचा. खानावळीतल्या थाळीत कोशिंबिरीचे जे स्थान, तेच या दुसऱ्या चित्रपटाचे होते. तिच्यासाठी म्हणून कोणी खानावळीत जात नाही, पण ती नसेल तर थाळी अपुरी वाटते.

फरक खरा पडत होता तो हिशेबात. ‘ए’ चित्रपटाचे भाडे बहुधा तिकीटबारीवरच्या उत्पन्नाच्या टक्केवारीने ठरत असे, त्यामुळे चित्रपट गाजला तर स्टुडिओचा वाटाही वाढत असे. ‘बी’ चित्रपटासाठी चित्रपटगृह एक ठरावीक रक्कम देऊन मोकळे होई. मग सभागृह भरलेले असो की रिकामे, त्या रकमेत फरक पडत नसे. म्हणजे निर्मात्याला चित्रीकरण सुरू होण्याआधीच अंदाज असे की देशभरातून साधारण किती पैसे हाती येणार. चित्रपट उत्तम झाला तरी त्या रकमेत फारशी भर पडणार नाही आणि सुमार झाला तरी फारशी घट होणार नाही. अशा व्यवहारात नफा वाढवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे खर्च त्या ठरलेल्या आकड्याच्या खाली ठेवणे. दर्जा सुधारण्यासाठी आणखी एक दिवस चित्रीकरण करणे म्हणजे नफ्यातला एक दिवस कापणे. हे गणित एकदा लक्षात आले की या चित्रपटांतल्या पुष्कळशा गोष्टी, म्हणजे मोजक्या खोल्या, मोजकी माणसे, सव्वा तासाच्या आत संपणारी कथा, आपोआप उलगडतात.

मोठ्या स्टुडिओंचेही स्वतःचे ‘बी’ विभाग होते. पण पॅरामाउंट किंवा मेट्रोच्या ‘बी’ चित्रपटाला आधीच उभे असलेले सेट, कोठारातले कपडे आणि पगारी कलाकार आयतेच मिळत. ज्यांच्याकडे हे काहीच नव्हते, अशा छोट्या कंपन्यांच्या जगाला हॉलिवूडमध्ये ‘पॉव्हर्टी रो’, म्हणजे गरिबांची आळी, असे म्हटले जाई. मोनोग्राम आणि रिपब्लिक ही त्यातली थोडी बरी नावे होती. ‘प्रोड्यूसर्स रिलीझिंग कॉर्पोरेशन’, म्हणजेच पीआरसी, ही त्या उतरंडीतली जवळजवळ शेवटची पायरी होती, आणि ‘डीटूर’ पीआरसीचा आहे.

एडगर उल्मर तिथे कसे पोहोचले, हीदेखील एका वळशाचीच कथा आहे. त्यांचा जन्म १९०४मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या ओल्म्युट्झ या गावी झाला (आज ते चेक प्रजासत्ताकात आहे) आणि ते व्हिएन्नात वाढले. माक्स राइनहार्ट यांच्या रंगभूमीवर आणि नंतर एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ या थोर जर्मन दिग्दर्शकाच्या कलाविभागात त्यांनी उमेदवारी केली. १९३०मध्ये बर्लिनमध्ये काही तरुणांनी मिळून बिनव्यावसायिक कलाकारांना घेऊन एक मूकपट बनवला होता. त्या तरुणांत उल्मर यांच्याबरोबर बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमाक आणि फ्रेड झिनेमान होते. हे तिघेही पुढे हॉलिवूडमधले नामांकित दिग्दर्शक झाले.

उल्मर यांचीही सुरुवात तशीच झाली होती. १९३४मध्ये युनिव्हर्सलसाठी त्यांनी केलेला भयपट चांगला चालला. पण त्याच सुमारास ते शर्ली यांच्या प्रेमात पडले, आणि शर्ली या युनिव्हर्सलचे सर्वेसर्वा कार्ल लेमले यांच्या भाच्याच्या पत्नी होत्या. शर्ली यांनी घटस्फोट घेऊन उल्मर यांच्याशी लग्न केले आणि मोठ्या स्टुडिओंची दारे उल्मर यांना बंद झाली. दोघे न्यूयॉर्कला गेले. तिथे उल्मर यांनी यिडिश भाषेत चित्रपट केले, युक्रेनी भाषेत केले, क्षयरोगाविषयी जनजागृती करणारे लघुपट केले. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला ते हॉलिवूडला परतले ते पीआरसीच्या दारात. शर्ली उल्मर चित्रीकरणाच्या वेळी संहितेची आणि सातत्याची नोंद ठेवत आणि पुढे आयुष्यभर त्या उल्मर यांच्या कामात सहभागी राहिल्या.

आता कथा. ती थोडी तपशिलात सांगावी लागेल, कारण पुढचा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. ॲल रॉबर्ट्स हा न्यूयॉर्कमधल्या एका रात्रीच्या क्लबात पियानो वाजवतो आणि तिथेच गाणाऱ्या सूवर त्याचे प्रेम आहे. सू नशीब काढायला लॉस एंजेलिसला निघून जाते. काही काळाने ॲल तिच्याकडे जायला निघतो, पण खिशात पैसे नसल्याने येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना अंगठा दाखवत, मिळेल त्या गाडीतून तो अमेरिका ओलांडू लागतो. ॲरिझोनात हॅस्केल नावाचा एक श्रीमंत वाटणारा माणूस त्याला गाडीत घेतो. त्याच्या हातावर खोल ओरखडे आहेत. वाटेत गाडीत घेतलेल्या एका बाईने ते काढले, असे तो सांगतो. रात्री ॲल गाडी चालवत असताना पाऊस येतो, तो गाडीचे टप चढवायला थांबतो आणि लक्षात येते की झोपलेला हॅस्केल हलत नाही. दार उघडताच तो खाली कोसळतो आणि त्याचे डोके दगडावर आपटते. आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही या भीतीने ॲल प्रेत झुडपांत लपवतो आणि हॅस्केलचे कपडे, पाकीट, गाडी आणि नाव घेऊन पुढे निघतो.

दुसऱ्या दिवशी एका पेट्रोलपंपापाशी उभ्या असलेल्या एका मुलीला तो गाडीत घेतो. तिचे नाव व्हेरा. ती थोडा वेळ डोळे मिटून पडते, मग एकदम ताठ बसते आणि विचारते, की या गाडीच्या मालकाचे प्रेत कुठे टाकलेस? ते ओरखडे काढणारी बाई हीच. तिथून पुढे ॲल तिच्या मुठीत आहे. लॉस एंजेलिसमध्ये दोघे एका भाड्याच्या घरात राहतात, गाडी विकायला निघतात, आणि हॅस्केलचे वडील मरणाला टेकले आहेत हे वर्तमानपत्रात वाचल्यावर व्हेरा ॲलला वारस म्हणून उभे करण्याचा घाट घालते. तो नकार देतो. भांडणात दारूच्या नशेतली व्हेरा टेलिफोन उचलून आतल्या खोलीत पळते, दाराला आतून कडी लावते आणि पलंगावर पडते; टेलिफोनची लांब तार तिच्या गळ्याभोवती गुंडाळली जाते. बाहेरून ॲल दाराखालून आलेली तार तोडण्यासाठी जिवाच्या आकांताने ओढत राहतो. दार फोडून आत गेल्यावर त्याला दिसते की त्याने काय केले आहे.

मार्टिन गोल्डस्मिथ यांनी आपल्याच १९३९च्या कादंबरीवरून ही पटकथा लिहिली. कादंबरीत नायक आणि नायिका आळीपाळीने आपापली बाजू सांगतात. चित्रपटात सू हिची बाजू गळाली आणि निवेदनाचा सगळा ताबा एकट्या ॲलकडे आला. हा बदल मला निर्णायक वाटतो, आणि त्यात सोयीचा भाग किती होता हेही पाहण्यासारखे आहे. पडद्यामागून निवेदन देणे हा पैसे वाचवण्याचा मोठा मार्ग असतो. एखादा प्रसंग चित्रित करायचा तर सेट, प्रकाशयोजना, कलाकार आणि वेळ लागतो. तोच प्रसंग नायकाने दोन वाक्यांत सांगितला तर त्याच्या चेहऱ्यापलीकडे काहीच लागत नाही. शिवाय संवादाविना चित्रित केलेल्या तुकड्यावर आवाज नंतर चढवता येतो, त्यामुळे ध्वनिमुद्रणाचा खर्चही घटतो.

अशा तडजोडी चित्रपटभर आहेत आणि एकदा नजर बसली की त्या एकामागून एक दिसू लागतात. न्यूयॉर्कमधल्या रात्री ॲल आणि सू क्लबातून घरी चालत जातात, तेव्हा पडद्यावर दाट धुके आहे. त्या धुक्यात अधूनमधून रस्त्याच्या नावाची पाटी आणि दिव्याचा खांब उगवतो आणि पुन्हा विरून जातो. न्यूयॉर्कचा रस्ता बांधायला पैसे नव्हते, म्हणून धुराने सगळे भरून टाकले. पण सू निघून जाण्याचे सांगते ती याच फेरफटक्यात, आणि ज्या दोघांना पुढचे काही दिसत नाही त्यांच्याभोवती शहरही दिसत नाही. पुढे ॲल तिला दूरध्वनी करतो, तेव्हा देशभर पसरलेल्या तारा आणि टेलिफोन चालवणाऱ्या मुली यांची आयती साठवणीतली दृश्ये मध्ये जोडली आहेत. पलीकडे सूचा चेहरा दिसतो, पण बोलणे ऐकू येते ते ॲलचेच. पैसे वाचले हे खरे, पण त्याचबरोबर हेही दिसते की या प्रेमकथेतली मुलगी आपल्याला फक्त या माणसाच्या सांगण्यातूनच कळते आहे. तो तिची कल्पना करतो तेव्हा ती एका तिरप्या भिंतीसमोर गाताना दिसते आणि वाद्यवृंदाच्या जागी भिंतीवर वादकांच्या मोठ्या सावल्या आहेत. खऱ्या वादकांपेक्षा सावल्या स्वस्त पडतात. स्वप्नालाही त्या अधिक शोभतात.

गाडीतली जवळजवळ सगळी दृश्ये स्टुडिओत घेतलेली आहेत. उभ्या गाडीच्या मागे एक पडदा लावतात, त्यावर आधी चित्रित केलेला पळता रस्ता मागच्या बाजूने प्रक्षेपित करतात आणि पुढून कलाकारांचे चित्रीकरण करतात. मोठे स्टुडिओही हेच तंत्र वापरत, पण ते अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर जाऊन दृश्याला हवा देत. इथे दोन माणसे एका पत्र्याच्या खोक्यात अडकलेली आहेत, मागे तेच माळरान सरकते आहे आणि गाडी कितीही धावली तरी ती जागची हलत नाही असे वाटत राहते. नशिबाने आपल्याला कोंडीत पकडले आहे असे सांगणाऱ्या माणसासाठी याहून योग्य चित्र मला सुचत नाही.

एक तडजोड मात्र मराठी प्रेक्षकाच्या नजरेतून हमखास सुटेल. ॲल पश्चिमेकडे निघतो तेव्हाच्या काही दृश्यांत गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात आणि चालकाचे चाक उजवीकडे आहे. आपल्याला त्यात काही खटकत नाही, कारण आपल्याकडे असेच असते. अमेरिकेत मात्र हे उलटे आहे. झाले असे, की नकाशावर न्यूयॉर्क उजवीकडे आणि लॉस एंजेलिस डावीकडे असल्याने प्रवास पडद्यावर उजवीकडून डावीकडे होताना दिसायला हवा होता, आणि काही चित्रीकरण उलट्या दिशेने झालेले होते. ते पुन्हा करण्याऐवजी निगेटिव्हच उलटी करून छापली. दिशा जुळली आणि बाकीचे जग आरशातले झाले. हे मुद्दाम केलेले प्रतीक आहे असे मी म्हणणार नाही. पण ते चालवून घेणाऱ्या माणसाला, आपल्या कथेत काय महत्त्वाचे आहे आणि काय नाही, हे नक्की ठाऊक होते.

फिल्मच्या वापराचा हिशेब तर अधिकच बोलका आहे. अमेरिकी दिग्दर्शक पीटर बोग्दानोविच यांना दिलेल्या दीर्घ मुलाखतीत उल्मर यांनी सांगितले होते, की पीआरसीत एका चित्रपटासाठी त्यांना १५,००० फूट कच्ची फिल्म मिळत असे, त्याहून जास्त नाही. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे ६८ मिनिटांच्या चित्रपटालाच सुमारे ६,१०० फूट लागतात. याचा अर्थ असा, की पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक फुटामागे जेमतेम दीड फूट वाया घालवण्याची मुभा होती. नटाचे वाक्य चुकले, दिवा हलला, ध्वनी बिघडला, तर दुसरी संधी बहुधा मिळे, तिसरी क्वचितच. अशा वेळी दिग्दर्शकाला संकलन आधी डोक्यात करावे लागते आणि मग नेमका तेवढाच तुकडा कॅमेऱ्यात घ्यावा लागतो. बेंजामिन क्लाइन यांच्यासारखा अनुभवी छायाचित्रकार बरोबर होता म्हणून हे जमले.

व्हेराच्या मृत्यूनंतरचा शॉट या शिस्तीतून आलेला आहे आणि माझ्या मते तो या चित्रपटाचा कळस आहे. ॲल दारात उभा आहे. कॅमेरा त्याच्या नजरेने खोलीत फिरू लागतो आणि एकेका वस्तूपाशी थांबतो. प्रत्येक वेळी ती वस्तू आधी धूसर असते, हळूहळू स्पष्ट होते, आणि कॅमेरा पुढे सरकताच पुन्हा धूसर होते. मध्ये कुठे तुकडा जोडलेला नाही. खर्चाच्या दृष्टीने ही एक खोली, एक कॅमेरा आणि भिंग फिरवणारा एक हात एवढाच मामला आहे. पण धक्का बसलेल्या माणसाचे लक्ष कसे एकाच वेळी सगळीकडे आणि कुठेच नसते, हे दाखवायला त्याहून अधिक काही लागत नाही.

व्हेराची भूमिका ॲन सॅव्हेज यांनी केली, तेव्हा त्या २४ वर्षांच्या होत्या. त्या काळी हॉलिवूडची नायिका वाळवंटातून आली तरी तिच्या केसांची घडी मोडत नसे. उल्मर यांनी सॅव्हेज यांच्या केसांना कोल्ड क्रीम फासायला लावले, म्हणजे ते धुळीने माखलेले आणि चिकट दिसतील. त्या संवाद फेकतात तो वेग अंगावर येणारा आहे. वाक्य संपण्याच्या आत पुढचे वाक्य येते, मान झटकली जाते, डोळे हटत नाहीत. मधूनच तिला खोकल्याची उबळ येते आणि क्षणभर दिसते की ही मुलगी आजारी आहे, तिलाही फार पुढे जायचे नाही. व्हेराला दुष्ट बाई म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण सॅव्हेज यांनी तिला जे दिले ते उपाशी माणसाचे चवताळलेपण आहे. टॉम नील यांनी ॲलच्या भूमिकेत खांदे पाडून, ओठ लटकावून तिला जी साथ दिली आहे, तिच्यामुळे ते चवताळलेपण दुप्पट जाणवते.

आता निवेदनाकडे परत येऊ. ॲल पुन्हा पुन्हा आपल्याला म्हणजे प्रेक्षकाला उद्देशून बोलतो आणि तुमचा यावर विश्वास बसणार नाही, असे बजावत राहतो. पहिल्यांदा पाहताना आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो. दुसऱ्यांदा पाहताना प्रश्न पडू लागतात. एकाच माणसाच्या हातून दोनदा अपघाताने मृत्यू घडतो, दोन्ही वेळा साक्षीदार नसतो आणि दोन्ही वेळा त्या मृत्यूचा फायदा त्यालाच होतो. पहिल्या वेळी तर त्याला पैसे, गाडी आणि चांगले कपडे मिळतात. हॅस्केलचे पाकीट घेताना तो कारणे देतो, ती एकेकटी पटण्यासारखी असतात आणि एकत्र केली की अगदीच सोयीची वाटतात. म्हणून कित्येक समीक्षकांनी असे सुचवले आहे, की आपण पाहतो ती घडलेली हकीकत नसून ॲलने स्वतःच्या मनाची समजूत घालण्यासाठी रचलेली कैफियत आहे. मला यातली टोकाची भूमिका पटत नाही. तो सराईतपणे खोटे बोलतो आहे असे वाटत नाही. आपल्या हातून झालेली प्रत्येक निवड नशिबाच्या माथी मारायची सवय जडलेला माणूस जसा बोलेल, तसा तो बोलतो आहे. अशी माणसे आपण सर्वांनी पाहिलेली असतात. आणि ही शंका मुळात शक्य झाली ती खर्च वाचवण्यासाठी त्याच्या हाती एकट्याने सोपवलेल्या निवेदनामुळे.

या चित्रपटाभोवती एक दंतकथा आहे आणि ती इथे दुरुस्त केली पाहिजे. तो ६ दिवसांत आणि २०,००० डॉलरमध्ये बनला, असे वर्षानुवर्षे छापले गेले. सहा दिवसांची गोष्ट खुद्द उल्मर यांनीच मुलाखतींत सांगितली होती आणि आपल्या कारकिर्दीविषयी बोलताना त्यांचा हात थोडा सैल असे. उल्मर यांचे चरित्रकार नोआ आयझेनबर्ग यांनी कागदपत्रे तपासल्यावर दिसले, की जून १९४५मधले चित्रीकरण त्याहून बरेच अधिक दिवस चालले होते आणि खर्च १,००,००० डॉलरच्या वर गेला होता. ॲन सॅव्हेज यांचीही आठवण सहा दिवसांपेक्षा खूप जास्त काळाची होती. दंतकथा आकर्षक आहे, कारण तिच्यात चमत्कार आहे. पण खरा आकडाही लहानच होता हे विसरू नये. आदल्याच वर्षी उल्मर यांचे बर्लिनमधले जुने सहकारी बिली वाइल्डर यांनी पॅरामाउंटसाठी ‘डबल इन्डेम्निटी’ केला होता. त्यातही बाई, पैसा, खून आणि नायकाचे निवेदन होते, आणि त्याचा खर्च ९ लाख डॉलरच्या वर होता. एका पिढीतल्या, एकाच मुशीतून घडलेल्या दोन माणसांनी जवळजवळ एकाच कच्च्या मालातून काय घडवले, हे पाहायचे असेल तर हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत.

पीआरसी लवकरच दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. १९४८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या स्टुडिओंविरुद्ध निकाल दिला, निर्मिती आणि चित्रपटगृहे एका हातात ठेवण्याची पद्धत मोडली, पाठोपाठ घरोघर टीव्ही आला आणि दुहेरी खेळाची गरजच हळूहळू संपली. ‘डीटूर’चा स्वामित्वहक्क कोणी नव्याने नोंदवला नाही, त्यामुळे तो सार्वजनिक मालकीचा झाला. त्याचा फायदा असा, की तो रात्री उशिरा टीव्हीवर आणि नंतर स्वस्त कॅसेटवर सतत फिरत राहिला आणि नवे प्रेक्षक मिळवत गेला. तोटा असा, की कोणाचीच मालकी नसल्याने जतन करण्याची जबाबदारीही कोणाची नव्हती, आणि लोक पाहत होते त्या प्रती ओरखड्यांनी भरलेल्या, मधल्या चौकटी गळालेल्या होत्या. कित्येकांना या चित्रपटाचा ओबडधोबडपणा म्हणून जो आवडला, तो पुष्कळसा खराब प्रतींचा ओबडधोबडपणा होता. २०१८मध्ये ॲकॅडमी फिल्म आर्काइव्ह आणि फिल्म फाउंडेशन यांनी निरनिराळ्या देशांतल्या संग्रहालयांच्या मदतीने त्याची नवी प्रत सिद्ध केली. तीत बेल्जियममध्ये सापडलेल्या एका प्रतीचा मोठा आधार होता, पण तिच्यावर फ्रेंच आणि फ्लेमिश उपशीर्षके कायमची छापलेली होती, ती एकेका चौकटीतून पुसून काढावी लागली. त्या प्रतीत क्लाइन यांच्या प्रकाशयोजनेतले करड्या रंगाचे थर प्रथमच नीट दिसतात.

शेवटी शेवटाविषयी. १९३४पासून हॉलिवूडमध्ये निर्मिती संहितेची, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचे नाही याच्या नियमावलीची, कडक अंमलबजावणी होत होती. ती राबवणाऱ्या जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाच्या मंजुरीशिवाय चित्रपट मोठ्या चित्रपटगृहांत लागत नसे, आणि गुन्हेगाराला शिक्षा न होता चित्रपट संपू द्यायचा नाही, हा त्या संहितेचा दंडक होता. ॲल खानावळीतून बाहेर पडतो. रात्र आहे, तो महामार्गाच्या कडेने चालतो आहे, आणि निवेदनात म्हणतो की केव्हातरी एक गाडी मला घ्यायला थांबेल, जिला मी हात दाखवलेला नसेल. त्याच क्षणी पोलिसांची गाडी येऊन थांबते, तो मुकाट्याने आत बसतो. संहितेचा दंडक पाळला गेला. पण त्याचे वाक्य भविष्यकाळातले आहे, त्यामुळे ती गाडी खरोखर आली आहे, की तो चालता चालता तिची कल्पना करतो आहे, हे पडद्यावरून सांगता येत नाही.